कामरूपी राक्षसाचा प्रवास : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातील राक्षस-प्रतिमेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

‘राक्षस’ हा शब्द मराठी भाषकाला बालपणापासून परिचित असतो. आजीच्या गोष्टीतला सात समुद्रापलीकडे पोपटात प्राण ठेवणारा राक्षस, रामायणातील दशमुखी रावण, पत्रिकेतील देवगण, मनुष्यगण व राक्षसगण ही वाटणी, ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ यासारखे शब्दप्रयोग, अशा अनेक वाटांनी हा शब्द मराठी जीवनात वावरत आला आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात मात्र या शब्दाने एक अगदी वेगळा प्रवास केला. अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात तो एका रूप पालटणाऱ्या दुष्ट प्राण्याचे नाव म्हणून रूढ झाला. आज जगातील असंख्य तरुण ‘राक्षस’ हा शब्द प्रथम ऐकतात तो वाल्मीकींकडून नव्हे, तर या खेळाच्या नियमपुस्तकातून.

एखादी संकल्पना एका संस्कृतीतून दुसऱ्या संस्कृतीत जाते तेव्हा तिचे काय टिकते आणि काय गळून पडते, हा इतिहासाच्या अभ्यासकाला महत्त्वाचा वाटणारा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात राक्षसाच्या उदाहरणावरून या प्रश्नाचा विचार केला आहे. भारतीय परंपरेत राक्षसाचे रूपही पालटते आणि त्याचा स्वभावही पालटू शकतो. खेळाने यातील पहिली गोष्ट उचलली आणि दुसरी बहुतांशी सोडून दिली, असे या इतिहासावरून दिसून येते.

प्राचीन वाङ्मयातील राक्षस

राक्षसाच्या रूपपालटाचा उल्लेख अगदी प्राचीन आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील १०४ व्या सूक्तात घुबड, कुत्रा, गिधाड इत्यादींच्या रूपाने वावरणाऱ्या दुष्ट शक्तींचा नाश करण्याची प्रार्थना इंद्राला केली आहे. तेथे ‘रक्षस्’ ही रात्री हिंडणारी, यज्ञात विघ्न आणणारी शक्ती असून तिला स्वतंत्र व्यक्तिमत्त्व असे फारसे नाही. महाकाव्यांत येईपर्यंत या शक्तीला नाव, कुळ, नगर व राज्य प्राप्त झाले. राक्षस ‘कामरूपी’, म्हणजे इच्छेनुसार रूप धारण करणारा, ठरला आणि त्याच वेळी तो विचार करणारा, चुकणारा व पश्चात्ताप पावणाराही ठरला.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे मारीच. सुवर्णमृगाच्या कथेमुळे तो सर्वांना ठाऊक आहे. परंतु वाल्मीकींच्या अरण्यकांडातील त्याची अवस्था सहसा लक्षात घेतली जात नाही. रामाच्या बाणाचा अनुभव घेतलेला मारीच तेथे जटा व कृष्णाजिन धारण करून आश्रमात तपस्व्याचे जीवन जगत आहे. रावण त्याच्याकडे येतो तेव्हा तो त्याला सीताहरणापासून परावृत्त करण्याचा कसून प्रयत्न करतो. ‘र’काराने आरंभ होणारे शब्दही आपल्याला भयभीत करतात, असे तो सांगतो. अखेर रावण त्याला ठार मारण्याची धमकी देतो आणि रामाच्या हातून मरण पत्करणे बरे, अशा विचाराने तो मृगाचे रूप घेतो. येथे रूपपालट हे दुष्टपणाचे साधन राहत नाही. बळजबरीखाली सापडलेल्या जीवाची ती शोकांतिका होते.

अशी उदाहरणे आणखीही देता येतील. बालकांडातील ताटका ही मूळची यक्षी असून अगस्त्यांच्या शापाने राक्षसी झालेली आहे. विराध हा शापित गंधर्व असून मृत्यूनंतर तो मूळ स्थितीस जातो. पुराणांनुसार रावण व कुंभकर्ण हे विष्णूचे द्वारपाल जय आणि विजय यांचे जन्म होत व त्यांना परतीचा मार्ग मोकळा आहे. बिभीषण राक्षसकुळात राहूनच धर्माची बाजू घेतो. महाभारताच्या आदिपर्वातील हिडिंबा पांडवांना मारण्यासाठी येते, भीमाला पाहून मानवी स्त्रीचे रूप घेते आणि पुढे कुंतीची सून होते. तिने रूप पालटले ते फसवण्यासाठी नव्हे, तर आपलेसे होण्यासाठी. थोडक्यात, या वाङ्मयात राक्षसत्व ही जन्मजात जात असण्यापेक्षा कर्म, शाप व निवड यांनी घडणारी अवस्था आहे.

अर्थात ही परंपरा सर्वत्र उदार होती असे मानणेही चुकीचे ठरेल. पांडवांसाठी लढताना घटोत्कच कर्णाच्या शक्तीने पडतो तेव्हा पांडव शोक करतात. कृष्ण मात्र हर्षित होतो आणि घटोत्कच ब्राह्मणांचा व यज्ञांचा द्वेष्टा असल्याने कधी ना कधी आपल्यालाच त्याचा वध करावा लागला असता, असे सांगतो. द्रोणपर्वातील हा प्रसंग वाचकाला अस्वस्थ करतो. राक्षस आपला झाला तरी पूर्णपणे आपला होत नाही, ही जाणीव त्यात आहे. ‘राक्षस’ हे नाव कोण कोणाला देतो, हा प्रश्न महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) मध्ये स्पष्टपणे उपस्थित केला. या शब्दाचा संबंध ‘रक्षक’ या शब्दाशी जोडून, भूमीचे रक्षण करणाऱ्या मूळ रहिवाशांना आक्रमकांनी दिलेले ते नाव होय, असे प्रतिपादन त्यांनी केले. व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्यावर मतभेद होऊ शकतात. परंतु नाव देण्यामागे सत्तासंबंध असतो, हे त्यांचे निरीक्षण पुढील विवेचनात उपयोगी पडणारे आहे.

खेळाची पार्श्वभूमी

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा ‘रोल प्लेइंग गेम’ या प्रकारातील पहिला व्यापारी तत्त्वावर प्रसिद्ध झालेला खेळ मानला जातो. गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन हे त्याचे कर्ते. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या छोट्या गावातील टीएसआर या संस्थेने तो प्रकाशित केला. लहान प्रतिकृती मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांतून त्याचा उगम झाला. या खेळात प्रत्येक खेळाडू योद्धा, जादूगार अशा एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो. एक सूत्रधार कथा पुढे नेतो व पात्रांसमोर संकटे उभी करतो. फासे टाकून कृतीचे यशापयश ठरवले जाते.

अशा खेळाला राक्षसांची, भुतांची व अद्भुत प्राण्यांची सतत गरज असते. ती भागवण्यासाठी कर्त्यांनी जगातील पुराणकथांचा मुक्तहस्ते वापर केला. ग्रीकांची मेडुसा, अरबांचा जिन्न, भारतीयांचा नाग असे सारे एकाच यादीत आले. १९७६ च्या एका पूरक पुस्तकात तर भारतीय देवतांवर स्वतंत्र प्रकरण होते. मात्र पुराणकथेतील पात्र खेळात यायचे तर त्याचे अंकांत रूपांतर व्हावे लागते. त्याची प्रहार सहन करण्याची क्षमता किती, त्याच्यावर कोणते शस्त्र चालते, याची नोंद आवश्यक ठरते. याखेरीज प्रत्येक प्राण्याच्या नावापुढे ‘अलाइनमेंट’, म्हणजे नैतिक कल, लिहिला जातो. सत् व असत् हा एक अक्ष आणि नियमबद्धता व स्वैरता हा दुसरा, अशा दोन अक्षांवर प्राण्याचे स्थान निश्चित होते. राक्षसाच्या पुढील इतिहासात ही एक नोंद निर्णायक ठरली.

दूरचित्रवाणीमार्गे आगमन

राक्षस या खेळात प्रथम अवतरला तो टीएसआरच्या ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या नियतकालिकाच्या डिसेंबर १९७५ च्या अंकात. पुढे १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या ग्रंथात त्याला कायमचे स्थान मिळाले. तेथील वर्णनानुसार हा प्राणी मांसल देह धारण केलेला दुष्ट आत्मा असून प्रथम भारतात ज्ञात झालेला आहे. तो नरमांसभक्षक आहे. समोरच्याच्या मनातील विचार ओळखून, त्याला विश्वासार्ह वाटेल अशा व्यक्तीचे रूप तो भासवतो. साध्या शस्त्रांनी त्याला इजा होत नाही. परंतु पुरोहिताने मंत्रून दिलेला क्रॉसबोचा बाण लागताच तो मरतो. त्याचा नैतिक कल ‘नियमबद्ध असत्’ असा नोंदवलेला आहे.

यातील नरमांसभक्षण व रूपपालट या गोष्टी भारतीय परंपरेतील आहेत. पण विश्वासातील माणसाचे रूप आणि मंत्रवलेला बाण या दोन बाबींचा उगम अन्यत्र शोधावा लागतो. अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर ‘कोलचॅक : द नाइट स्टॉकर’ ही मालिका १९७४-७५ मध्ये प्रसारित होत होती. तिच्या २० डिसेंबर १९७४ रोजी दाखवलेल्या ‘हॉरर इन द हाइट्स’ या भागात शिकागोतील वृद्ध ज्यू रहिवाशांच्या वस्तीत एक राक्षस येतो. ज्याच्यावर बळीचा सर्वाधिक विश्वास असेल त्याचे रूप घेऊन तो जवळ येतो, आणि अखेर क्रॉसबोच्या मंत्रवलेल्या बाणाने मारला जातो. ही कथा प्रसारित झाल्यानंतर वर्षभरातच खेळातील राक्षस याच दोन वैशिष्ट्यांसह अवतरतो. हे साम्य केवळ योगायोगाचे मानता येत नाही.

त्या भागातील एक प्रसंग येथे विशेष उल्लेखनीय आहे. एक वृद्ध हिंदू गृहस्थ राक्षसापासून संरक्षण व्हावे म्हणून वस्तीतील भिंतींवर स्वस्तिके काढतो. ज्यू रहिवासी मात्र ते नाझींचे चिन्ह समजून हादरून जातात. एकच चिन्ह एका संस्कृतीत मंगल आणि दुसऱ्या संस्कृतीत संहाराची आठवण करून देणारे असू शकते, हे भान त्या लेखकाला होते. खेळाच्या नियमपुस्तकात शिरताना हे भान मागे राहिले. उरला तो बाण.

काळाचा एक योगही नोंदवण्यासारखा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण केली होती. वडोदऱ्याच्या प्राच्यविद्या संस्थेची रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९७५ मध्ये पूर्ण झाली. म्हणजे भारतीय विद्वान शेकडो हस्तलिखिते ताडून मूळ पाठाच्या जवळ जाण्याचा प्रयत्न संपवत होते, त्याच वर्षी अमेरिकेतील खेळात राक्षस दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून उतरत होता. विद्वत्तेचा मार्ग आणि लोकप्रिय संस्कृतीचा मार्ग किती स्वतंत्रपणे चालतात, याचे हे उत्तम उदाहरण होय.

व्याघ्रमुखाची निर्मिती

आज राक्षस म्हणताच या खेळाच्या चाहत्यांसमोर वाघाचे मस्तक असलेली, उंची वस्त्रे ल्यालेली आकृती उभी राहते. ही प्रतिमा ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मधील डेव्हिड ट्रॅम्पियर यांच्या चित्राने घडवली. त्या चित्रातील वाघमुखी राक्षस अंगात झगा व हाती पाइप घेऊन ऐटीत बसलेला आहे. दूरचित्रवाणीवरील केसाळ प्राण्याशी या चित्राचा काहीही संबंध नाही.

सुंदरकांडात अशोकवनातील राक्षसींचे वर्णन करताना डुक्कर, हरिण, वाघ, म्हैस, बकरी, कोल्हीण अशी नाना मुखे वाल्मीकींनी सांगितली आहेत. वाघाचे मुख त्यात आहे, परंतु अनेकांपैकी एक म्हणून. त्याच राक्षसींमध्ये सीतेच्या बाजूने स्वप्न सांगणारी त्रिजटाही आहे. त्याच लंकेत पहाटे षडंगवेत्त्या ब्रह्मराक्षसांचा वेदघोष हनुमानाच्या कानी पडतो. या विविधतेतून वाघ तेवढा निवडला गेला, याचे कारण भारताविषयीच्या पाश्चात्त्य कल्पनेत शोधावे लागते. टिपू सुलतानाचा इंग्रज शिपायाला फाडणारा लाकडी यांत्रिक वाघ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून लंडनमध्ये प्रेक्षकांचे आकर्षण ठरला होता. जिम कॉर्बेट यांच्या कुमाऊँतील नरभक्षकांवरील पुस्तकाने (१९४४) वाघ, भारत व नरमांस यांची सांगड जगभरच्या वाचकांच्या मनात पक्की केली. झगा व पाइप यांतून इंग्रजी कथांतील विलासी नवाबाची आठवण होते. या पार्श्वभूमीवर ट्रॅम्पियर यांचे चित्र वाल्मीकींच्या लंकेपेक्षा वसाहतकालीन कल्पनेतील हिंदुस्थानाच्या अधिक जवळचे वाटते.

पुढील आवृत्त्यांत या आकृतीचे तळहात उलटे असल्याचे वर्णन रूढ झाले. मराठी वाचकाला येथे उलट्या पावलांच्या हडळीची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र साम्य म्हणजे उसनवारीचा पुरावा नव्हे. कितीही बेमालूम रूप घेतले तरी देहावर खोटेपणाची एखादी खूण राहतेच, हा मानवी मनाचा जुना दिलासा दोन्हीकडे आढळतो, एवढेच म्हणता येईल.

भारतातून नरकाकडे

टीएसआर ही संस्था १९९७ मध्ये ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ने विकत घेतली. तिने २००० साली खेळाची तिसरी आवृत्ती प्रसिद्ध केली. त्यापुढील आवृत्त्यांचे राक्षसाच्या दृष्टीने वाचन केले असता एक सूत्र दिसते. १९७७ मध्ये राक्षसाला भारत हा भौगोलिक पत्ता होता. २००३ च्या सुधारित आवृत्तीत तो परलोकाशी नाते असलेला, परंतु याच लोकी राहणारा जीव ठरला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत त्याची गणना मनुष्यसदृश प्राण्यांत झाली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत त्याला ‘फीन्ड’, म्हणजे नरकवासी दुष्ट सत्त्व, या वर्गात टाकण्यात आले. येथे ठार झाला तरी तो नरकात पुन्हा देह धारण करतो, अशी कल्पना आली. भारताचे नाव पुसले गेले आणि त्या जागी पाश्चात्त्य धर्मकल्पनेतील नरक आला. १९७४ च्या त्या बाणाची खूण मात्र २०१४ मध्येही शिल्लक होती. सज्जनाच्या हातातील टोकदार जादुई शस्त्राने राक्षसाला अधिक इजा होते, असा नियम त्यात आहे.

या प्रवासातील दोन अपवाद विचारात घ्यावे लागतात. पहिला अपवाद ‘एबेरॉन’ या कथाविश्वाचा. ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ने २००२ मध्ये नव्या कथाविश्वासाठी खुली स्पर्धा घेतली. हजारो प्रस्तावांतून किथ बेकर यांची कल्पना निवडली गेली व २००४ मध्ये ती ग्रंथरूपाने आली. या विश्वात माणसांच्या कितीतरी आधी पृथ्वीवर असुरी महासत्तांचे युग होते आणि राक्षस हे त्यांचे प्रमुख सेवक होते. त्या सत्ता बंदिस्त झाल्यावर ‘लॉर्ड्स ऑफ डस्ट’ या नावाने राक्षसांचा एक गट मानवी वेषात राजदरबारांत वावरतो आणि आपल्या स्वामींच्या मुक्तीसाठी कारस्थाने रचतो. येथे राक्षसाला प्रदीर्घ इतिहास, स्मृती व राजनीती लाभली. याच कथाविश्वाने जन्मावरून नीती ठरवण्याची रूढी बरीच सैल केली. तेथे ऑर्क धर्मरक्षक असू शकतो आणि ड्रॅगनच्या रंगावरून त्याचा स्वभाव ठरत नाही. ही सवलत राक्षसाला मात्र लाभली नाही. तो मर्त्य नसून मूर्तिमंत असत् आहे, ही त्यामागील भूमिका.

दुसरा अपवाद अधिक अर्थपूर्ण आहे. चौथ्या आवृत्तीच्या २००९ च्या एका ग्रंथात ‘देव’ या नावाची, पुन:पुन्हा जन्म घेणाऱ्या आत्म्यांची जात आली. असत्‌कडे वळलेला देव पुढील जन्मी राक्षस होऊ शकतो, असे तेथे सांगितले आहे. देव व राक्षस यांच्यामधील भिंत येथे प्रथमच भेदली गेली. जय-विजयांच्या कथेशी याचे नाते सहज लक्षात येते. परंतु जय-विजयांच्या कथेत परत येणे हाच कथेचा शेवट आहे. खेळाने पतनाच्या वाटेवरच भर दिला. पाच वर्षांनी आलेल्या पाचव्या आवृत्तीत राक्षस पुन्हा नरकात गेला.

मालकीचा प्रश्न

सन २००० पासून प्रकाशकांनी खेळाचे मूलभूत नियम इतरांना परवान्याने खुले केले. त्या वेळी ‘बिहोल्डर’, ‘माइंड फ्लेअर’ असे काही प्राणी आपली खास निर्मिती म्हणून राखून ठेवले. राक्षस मात्र खुल्या यादीत राहिला. जानेवारी २०२३ मध्ये पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सर्वांसाठी मोकळे झाले, त्यातही राक्षस आहे. ज्याचा कर्ता ठाऊक होता तो प्राणी संपत्ती ठरला. ज्याचे कर्तृत्व हजारो वर्षांच्या परंपरेचे, तो सर्वांचा ठरला. हे एका अर्थी न्याय्यच आहे. महाकाव्ये कोणा एकाच्या मालकीची नव्हेत. एकनाथांनी भावार्थरामायण रचताना किंवा श्रीधरांनी रामविजय लिहिताना कोणाची अनुमती घेतली नव्हती. म्हणून अमेरिकन खेळाने राक्षस घेतला, ही तक्रार होऊ शकत नाही. प्रश्न आहे तो घेताना काय घेतले याचा.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. खेळातील राक्षस मूळ ग्रंथांतून न येता दूरचित्रवाणी, चित्रकला व वसाहतकालीन स्मृती यांच्या मिश्रणातून घडला. नियमपुस्तकाच्या स्वरूपामुळे त्याच्या नावापुढे नैतिक कल लिहिणे भाग पडले आणि त्यामुळे जी अवस्था होती तिची जात झाली. प्रकाशकांनी २०२० मध्ये ऑर्क व ड्राउ यांसारख्या जमातींच्या चित्रणाचा पुनर्विचार करण्याचे जाहीर केले, ही स्वागतार्ह घटना होय; परंतु नरकवासी ठरवलेल्या राक्षसाला तिचा लाभ होणे कठीण आहे, कारण असत् हाच त्याचा देह मानला गेला आहे.

हा प्रश्न केवळ खेळापुरता नाही. एखाद्या समूहाच्या नावापुढे त्याचा स्वभाव कायमचा लिहून ठेवण्याची प्रवृत्ती सर्वच समाजांत आढळते. फुले यांनी जिच्यावर बोट ठेवले ती हीच. घटोत्कचाच्या मृत्यूवरील कृष्णाच्या हर्षातही तिचा अंश आहे. तरीही ज्या परंपरेत हा हर्ष नोंदवला गेला, तिनेच मारीचाला आश्रम दिला, त्रिजटेला स्वप्न दिले आणि हिडिंबेला घर दिले. खेळातील राक्षस कोणाचेही रूप घेऊ शकतो; त्याला बिभीषण मात्र होता येत नाही.